आजारांच्या रकान्यात निरंक

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, विम्याच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी हो म्हटलं. गमती आहेतच, त्या आधी सांगते. पण लिहायला बसल्यावर तिसऱ्या पानाला माझा हात हातखंब्याजवळच्या एका घराकडे वळला आणि तिथून काही केल्या परत येईना. ज्यांना फराळाबरोबर फक्त हसायचं आहे त्यांनी कासमचाचांच्या किश्शापर्यंत वाचावं आणि पान उलटावं, माझी हरकत नाही.

मी एकवीस वर्षं विम्याची एजंट होते. त्यातली शेवटची बारा वर्षं मुख्य काम एकच, परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांचे आरोग्यविमे. पुण्याच्या माझ्या नणंदेला हे ऐकून हसू आलं होतं. "रत्नागिरीतून परदेशी कोण जातंय, तुमची मुलं मुंबईच्या पुढे जात नाहीत," म्हणाली. तिला काय ठाऊक? इथल्या बंदरपट्टीतली माणसं बोटीवर नाहीतर आखातात पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. आता त्यांची नातवंडं वह्या-पुस्तकं घेऊन जातात, एवढाच फरक. शिवाय मास्तरांची मुलं आहेत, बागायतदारांची आहेत, कोर्टातल्या कारकुनांची आहेत. जून-जुलैत माझ्या घरी चपलांचा ढीग पडायचा आणि गणपती यायच्या आत तो ढीग विमानाने निघून जायचा.

ज्यांचा या गोष्टीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तिकडचं कॉलेज प्रवेश देतं, पण विमा असल्याशिवाय बहुतेक ठिकाणी वर्गात बसू देत नाहीत. कारण तिकडे नुसता हात मोडला तरी इथल्या बापाला बाग विकायची पाळी येईल. काही कॉलेजांचा स्वतःचा विमा असतो, तो महाग. इथून काढलेला स्वस्त पडतो, म्हणून लोक माझ्याकडे यायचे. या विम्यात सुरुवातीची थोडी रक्कम आपण भरायची, मग पुढचं कंपनी बघते. दाताचं दुखणं यात बसत नाही. आणि आधीपासूनचा आजार असेल तर तो अर्जात लिहून द्यावा लागतो. हे शेवटचं वाक्य मी आता जितक्या सरळपणे लिहिलं तितक्या सरळपणे गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही.

दाताचं मात्र मी फार मनावर घ्यायचे. अर्ज भरला की मुलाला पहिलं दातांच्या डॉक्टरकडे पिटाळायचं. आमच्या आळीच्या टोकाला एक दंतवैद्य आहेत, ते मला वाटेत हटकून म्हणायचे, "ताई, तुमच्यामुळे आमच्या घरी गणपतीत पाच दिवस पंगत होते." चिपळूणचे एक कापडवाले होते. त्यांनी माहितीपत्रक दोन तास वाचलं, चष्मा पुसला आणि मला विचारलं, "पोरानं तिकडची गोरी केलीन, तर त्याचा क्लेम मिळतो का?" मी म्हटलं, "ते अपघातात बसेल का, विचारून सांगते." त्यांना हा विनोद कळला नाही. आठ दिवसांनी त्यांनी फोन करून विचारलं, काय ठरलं म्हणून.

आता निरंकबद्दल. विम्यात येण्याआधी आठ वर्षं मी एका सरकारी कचेरीत हंगामी कारकून होते. तिथे मी एकच विद्या शिकले, रकाना मोकळा सोडायचा नाही. साथीच्या रोगांचा अहवाल, पाणीटंचाईचा अहवाल, वीज पडून मेलेल्या जनावरांचा अहवाल. काही घडलेलं नसलं तरी महिन्याचा कागद वर पाठवावा लागे आणि त्यावर लिहावं लागे 'निरंक'. म्हणजे शून्य, सांगण्यासारखं काही नाही. मोकळा रकाना दिसला की वरून कागद परत येई. निरंक लिहिलं की कोणी काही विचारत नसे. हा शब्द माझ्या बोटांत इतका मुरला की विम्याच्या इंग्रजी अर्जावर मी 'निल' लिहायचे, पण तोंडाने निरंकच म्हणायचे. मधुमेह? निरंक. रक्तदाब? निरंक. फिट्स, दमा, हृदयविकार? निरंक, निरंक, निरंक. पुढे पुढे तर गिऱ्हाईक येऊन बसण्याआधीच मी आजारांचं पान भरून ठेवू लागले. तेवढाच वेळ वाचतो. शाखेतले साहेब म्हणायचे, "ताई, तुमची गिऱ्हाइकं तालमीतनं येतात काय? एकालाही कधी पडसं होत नाही." माझा अर्ज कधी परत आला नाही, याचा मला खरोखर अभिमान होता.

लोकांनाही ते आवडायचं. मूल परदेशी निघालंय, आई लाडू-चिवड्याचे डबे भरते आहे, अशा वेळी आजाराचं नाव कोण काढणार? पॉलिसीच्या पुस्तिकेत एक ओळ असते, मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च. ती वाचली की हमखास कोणीतरी म्हणायचं, "ताई, जरा शुभ बोला." मग मी एक युक्ती काढली. पुस्तिका दाखवताना त्या ओळीवर अंगठा ठेवायचा आणि पान उलटायचं. बारा वर्षं त्या ओळीवर माझा अंगठा होता.

एकट्या कासमचाचांनी मला ते करू दिलं नाही. राजिवड्याकडचे म्हातारे गृहस्थ, सगळं आयुष्य मालवाहू बोटींवर गेलेलं. त्यांचा नातू इंजिनीअर व्हायला निघाला होता. मी नेहमीसारखं पान भरून ठेवलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

"हे काय लिवलंव?"

"निरंक. म्हणजे आजार काही नाही."

"हाय ना. पोराच्या दिलाला भोक होता. लहानपणी आपरेशन केला."

मी त्यांना समजावलं. ते बरं झालंय, लिहिलं की जुने कागद मागतील, तपासण्या लावतील, पंधरा दिवस जातील, हप्ता वाढेल. चाचा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, बोटीवर चढताना खोटा लिवला ना, तर मधल्या बंदरात उतरवतात. आनि बंदर कुठचा, ते आपल्या हातात नसता. खरा लिवा."

मी चिडून नवा अर्ज काढला. पंधरा दिवस गेलेच. माझा हंगाम चालू असताना त्या एका अर्जासाठी मी चार वेळा शाखेत खेपा घातल्या. दुसऱ्या वर्षी त्या मुलाला तिकडे छातीत धडधड झाली, आठ दिवस दवाखान्यात होता, आणि कंपनीने एक शब्द न विचारता सगळं भागवलं. चाचांनी मला खजुराचा डबा पाठवला. मी खजूर खाल्ला आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या पानावर निरंक लिहिलं. हे मी लपवत नाही.

आता ते हातखंब्याजवळचं घर. महामार्गापासून थोडं आत, मागे पंचवीस-तीस आंब्याची कलमं. सुर्वे गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी रेणुका दापोलीला शेतीची पदवी घेऊन अमेरिकेत फळांच्या टिकवणुकीवर पुढचं शिकायला निघाली होती. एकुलती एक. दापोलीहून एसटीने घरी येताना पुस्तकं मांडीवर घेऊन बसणारी, सावळी, हसताना तोंडावर हात धरणारी. मला ती आवडायची. तिचा अर्ज भरायला मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले.

गुरुजी ओटीवर पासपोर्ट, कागद, फोटो लावून बसले होते. सुर्वेवहिनींनी मला चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात बोलावलं. चुलीपाशी उभ्या राहून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, तुम्ही आपल्या म्हणून सांगते हो. हिला लहानपणापासनं दमा आहे. पावसात होतो, आणि हे रस्त्याचं काम निघाल्यापासनं धुरळ्यानं जास्त झालाय. पंप आहे तिचा. पण आम्ही चारचौघांत तो काढत नाय. आज ना उद्या तिचं लग्नाचं बघायचंय. तुम्ही कुठं लिहू नका, कोणाला सांगू नका. पाया पडते तुमच्या." आणि त्या खरोखरच वाकल्या.

मी त्यांचे हात धरले. आणि जे बोलले ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं. म्हटलं, "वहिनी, तिकडे कुठला आलाय धुरळा? आपल्यासारखा चार महिने पाऊसही नाही. हवा कोरडी, रस्ते स्वच्छ. हा दमा आपल्या लाल मातीचा आहे. तो इथेच राहील."

त्यांचा चेहरा उजळला. मलाही ते पटलंच होतं, मी थाप मारली नव्हती. आमच्याकडे दमा म्हणजे कोकणातल्या दमट हवेचा, भिंतीला धरणाऱ्या बुरशीचा, असंच सगळे समजतात. ज्याला त्रास होतो त्याला घाटावर पाठवतात आणि तो बरा होतो. मग अमेरिका तर किती लांब. थंडीत छाती आवळून येते, बंद खोलीत गरम हवेचं यंत्र दिवसरात्र चालतं, हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं.

ओटीवर येऊन मी पान रेणुकासमोर ठेवलं. सही तिची लागायची. तिने ते वाचलं, कारण ती सगळं वाचायची. "ताई, इथे दम्याचं विचारलंय."

"निरंक," मी म्हटलं.

तिने आईकडे बघितलं. वहिनी दारात पदर धरून उभ्या होत्या. गुरुजी फोटो कापत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. रेणुकाने सही केली. एरवी झरझर लिहिणारी मुलगी, सही मात्र तिने फार सावकाश केली.

एक गोष्ट मला नंतर त्याच पुस्तिकेत नीट वाचायला मिळाली. आमच्या त्या पॉलिसीत, आजार आधी कळवलेला असेल आणि त्यानेच जिवावर बेतलं, तर खर्च मिळत होता. लपवलेला असेल तर पॉलिसीच रद्द. म्हणजे दमा लिहिला असता तर फार तर हप्ता वाढला असता. बारा वर्षं मी ती पुस्तिका विकत होते.

रेणुका ऑगस्टमध्ये गेली. सुरुवातीला तिचे फोटो यायचे. पिवळ्या पानांची झाडं, प्रयोगशाळेतला पांढरा कोट. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यातल्या मंगळवारी संध्याकाळी साडेसात वाजता तिचा मला फोन आला. तिकडे सकाळ होती. मी तिळाचे लाडू वळत होते, हात चिकट, म्हणून फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला.

"ताई, कामात आहात?"

"लाडू वळतेय. बोल गो."

"इथे फार थंडी आहे. चार दिवस झाले, दम लागतोय. पंप संपत आलाय." दोन-तीन शब्द झाले की ती थांबत होती. "कॉलेजच्या दवाखान्यात जायचं म्हणतेय. पण तिथे आधी फॉर्म भरायला देतात. दमा आहे का, कधीपासून, असं विचारलंय. हो लिहिलं तर पॉलिसीचं काही होईल का?"

मला काय सांगायला हवं होतं ते कोणालाही कळेल. उठ, आत्ता जा, हो लिही, पॉलिसी गेली खड्ड्यात. पण माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. पॉलिसीला पाचच महिने झालेत, इतक्यात दम्याचा कागद झाला तर चौकशी माझ्यापर्यंत येईल. आणि दुसरं, पाक घट्ट होत चालला होता. तिळाचा पाक थांबत नाही. मला फोन लवकर संपवायचा होता.

मी म्हटलं, "हो लिहू नकोस."

"मग ते औषध कसलं देतील?"

मी दुसरा लाडू वळायला घेतला. म्हटलं, "दोन दिवस थांब. वाफ घे, गरम पाणी पी, बाहेर पडू नकोस. गुरुवारपर्यंत बघ. नाहीच थांबलं तर मी शाखेत विचारून सांगते."

"बरं," ती म्हणाली. नेहमी ऐकायची ती. मग जरा थांबून म्हणाली, "इथे दुकानात डब्यातला हापूस बघितला. आणला. वासच नाही त्याला." हसली, आणि हसताना तिला खोकला आला. "आईला सांगू नका हं ताई. ती जेवणार नाही."

फोन ठेवण्याआधी ती आणखी एक वाक्य म्हणाली. त्याचं शेवटी सांगते.

गुरुवारी दुपारी गुरुजींचा फोन आला. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला ती जमिनीवर पडलेली सापडली होती. रुग्णवाहिका आली, पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. गुरुजी शाळेत हजेरी घ्यावी तसे एकेक शब्द सुटा बोलत होते. शेवटी म्हणाले, "ताई, तिला घरी आणायचंय. विम्यात असतं ना तसं काहीतरी?"

मी पुस्तिका काढली. ती ओळ शोधावी लागली नाही, अंगठा आपोआप तिच्यावर गेला.

कंपनीच्या मदत क्रमांकावर बोलणारी मुलगी फार नम्र होती. तिने सगळी माहिती उतरवून घेतली. दोन दिवसांनी कळवण्यात आलं की प्रकरण थांबवलं आहे. त्या मैत्रिणीने रुग्णवाहिकेतल्या माणसांना सांगितलं होतं, हिला लहानपणापासून दमा आहे. तिने खरं सांगितलं, आणि ते दवाखान्याच्या कागदावर उतरलं. इकडच्या अर्जात मात्र निरंक. शेवटी तिथल्या मराठी मंडळींनी आपसांत वर्गणी काढून तिला पाठवलं. सतरा दिवस लागले. त्या सतरा दिवसांत वहिनी रोज सकाळी अंगण सारवत होत्या. पेटी उघडल्यावर त्यांनी लेकीच्या गालाला हात लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "केवढी गोरी झाली हो ही तिकडे."

मग चौकशी. पुण्याहून एक तरुण अधिकारी आला. आधी तो सुर्व्यांकडे जाऊन आला होता. माझ्या टेबलावर त्याने दोन कागद ठेवले. एक वहिनींच्या सहीचा जबाब, दुसरा माझ्यासाठी. वहिनींनी लिहून दिलं होतं की मुलीला दमा असल्याचं आम्ही एजंटबाईंना सांगितलं नव्हतं, ती आमच्या घरातली गोष्ट होती. माझ्या कागदावर पाचवा प्रश्न असा होता: अर्ज भरतेवेळी आजाराबाबत आपणास तोंडी माहिती देण्यात आली होती काय?

मी 'हो' लिहिलं असतं तर काय झालं असतं ते त्या अधिकाऱ्यानेच मला मोघम सांगितलं. घरच्यांनी एजंटला सांगितलेलं होतं असं ठरलं असतं तर त्यांची बाजू बरीच उभी राहिली असती. निदान गुरुजींनी आजार लपवला, असं कंपनीच्या पत्रात आलं नसतं. चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेल्या माणसाच्या घरी ते पत्र जाणार होतं. माझं लायसन्स मात्र गेलं असतं, आणि गावात नावही.

त्या रकान्यात मी निरंक लिहिलं. या वेळी मराठीत, कारण कागद मराठीत होता.

पत्र गेल्यावर आठवड्याने मी सुर्व्यांकडे गेले. का गेले ते मला नीट सांगता येत नाही. वहिनींनी चहा केला. मी विचारलं, "तुम्ही असं का लिहून दिलंत?"

त्या म्हणाल्या, "मीच तर तुमच्या पाया पडले होते, कोणाला सांगू नका म्हणून. मग मी तुम्हाला कशी अडकवू? आणि तुम्हीपण शब्द पाळलात हो ताई. त्या माणसानं खोदून खोदून विचारलंन असेल."

त्यांना वाटत होतं की मी त्यांच्या शब्दासाठी गप्प राहिले. मला तिथे बसवेना. मी उठले, तर दारापर्यंत पोचवायला आल्या आणि म्हणाल्या, "एक विचारू? आम्हाला तिनं रविवारी फोन केलान, तेव्हा बरी होती. त्यानंतर काय झालं ते काहीच कळत नाय. तिनं तुम्हाला कधी फोन केलान होता का?"

"नाही," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी लायसन्सची मुदत संपली, ती मी वाढवली नाही. गुडघे दुखतात असं सगळ्यांना सांगितलं. लोकांनी मानलं. तिळाचे लाडू मी त्यानंतर केलेले नाहीत. या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली.

हा लेख इथपर्यंत लिहून झाला आणि मला कळलं की हा अंक सुर्व्यांच्या घरी जातो. गुरुजी दरवर्षी घेतात. मग छापून आलेलं वहिनींच्या हाती पडण्याआधी मीच जायला हवं होतं. गेल्या सोमवारी सकाळी कागद घेऊन गेले. महामार्गाचं काम त्यांच्या बाजूला उरकलंय, धुरळा आता उडत नाही. गुरुजी बागेत होते. वहिनी ओटीवर कुळीथ निवडत बसल्या होत्या. मी समोर बसून सगळं वाचून दाखवलं, चिपळूणच्या कापडवाल्यांपासून. फोनचा भाग आला तेव्हा त्यांचा हात थांबला. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

वाचून झालं. त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"साडेसात म्हणजे मी घरातच होते," त्या म्हणाल्या. "भाकऱ्या थापत होते."

मी क्षमा मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तुमचं राहू दे. तिचं सांगा. काय काय सांगितलंन ते सगळं सांगा."

मी सांगितलं. डब्यातला हापूस, त्याला वास नाही ते, फोन ठेवतानाचं वाक्यही. त्या ऐकता ऐकता ओठ हलवत होत्या, पाठ करत असल्यासारख्या.

"बोलताना मधे थांबत होती?"

"हो."

"तुम्हाला ते ऐकू येत होतं?"

"येत होतं."

त्या म्हणाल्या, "हापूसचं परत सांगा." मी परत सांगितलं. हसली का, कशी हसली, खोकला आधी आला की हसू आधी, तेही विचारलं. तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "आमच्याकडे रविवारचंच होतं ओ ताई. मंगळवारचं तुम्ही दोन वर्षं एकट्याच घेऊन बसलात."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मला चहा विचारला नाही. मी निघताना मात्र त्यांनी एकच गोष्ट मागितली. लेख छापायला त्यांची ना नाही, दमा, पंप, त्यांचं पाया पडणं, सगळं येऊ दे. पण फोन ठेवण्याआधी रेणुका जे शेवटचं वाक्य म्हणाली, ते छापायचं नाही. ते गुरुजींना त्या स्वतः सांगणार होत्या, आणि त्यानंतर ते घराबाहेर जायला नको होतं.

ते वाक्य मी लेखाच्या शेवटी लिहून नेलं होतं, ते त्यांच्यासमोरच खोडलं. म्हणून वर मी 'शेवटी सांगते' म्हटलं, ते सांगता येत नाही. तिथे निरंकही लिहिता येत नाही, ती बोलली होती आणि मी ऐकलं होतं. तेवढा एक रकाना मी मोकळा सोडते आहे.